घसा दुखला त्याची तारीख

निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा, दात्यांच्या औदार्याचा आणि माजी विद्यार्थ्यांच्या यशाचा आढावा असतो. तो असावाच. परंतु जे विद्यालय मुलामुलींना आईबापांपासून दूर आणून आपल्या छपराखाली ठेवते, ते त्यांच्या शिक्षणाबरोबर त्यांच्या शरीराचेही पालकत्व स्वीकारते. या पालकत्वाचा आढावा स्मरणिकांतून क्वचितच घेतला जातो. म्हणून या अंकात आम्ही एका अगदी किरकोळ समजल्या जाणाऱ्या दुखण्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ते दुखणे म्हणजे घसा दुखणे.

विषय लहान वाटेल. पावसाळा सुरू झाला, मुले भिजली, घसे दुखू लागले, गुळण्या केल्या, चार दिवसांत बरे झाले, यात लिहिण्यासारखे काय, असे कोणीही विचारील. आम्ही वैद्य नव्हे, इतिहासाचे शिक्षक आहोत. तरीही या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस वाटतो, कारण हा प्रश्न औषधाइतकाच तारखांचा आहे. घशाच्या काही दुखण्यांचा खरा परिणाम घशात होत नाही आणि त्याच आठवड्यातही होत नाही. तो दोन-तीन आठवड्यांनी, कधी कधी काही महिन्यांनी, गुडघ्यात, मूत्रपिंडात, मेंदूत किंवा हृदयात प्रकट होतो. तोवर घसा दुखल्याचे मूल विसरलेले असते, गृहपाल विसरलेले असतात आणि आईला तर ते कळलेलेच नसते. कारण आणि कार्य यांच्यामध्ये काळ गेला की माणसे मधला दुवा हरवून बसतात आणि त्या रिकाम्या जागी दैव, नजर किंवा बाधा आणून ठेवतात. भगवान बुद्धांनी कार्यकारणाची साखळी शोधावयास शिकविले. इतिहासाचे शास्त्रही तेच करते. वसतिगृहाने या एका बाबतीत तेच करावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

सगळे घसे सारखे नसतात

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. नाक गळते, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात. अशा वेळी विश्रांती, कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, भरपूर पाणी आणि ताप असल्यास डॉक्टरांनी सांगितलेली तापाची गोळी पुरते. येथे प्रतिजैविक औषधांचा काही उपयोग नसतो. मेडिकलच्या दुकानातून चार गोळ्या आणून दोन देणे आणि दोन पुढच्या मुलासाठी ठेवणे ही सवय तर सर्वथा घातक आहे.

परंतु काही घसे स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे दुखतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू मण्यांच्या माळेसारखा दिसतो. तो मुख्यतः पाच ते पंधरा वर्षे या वयात गाठतो, म्हणजे बरोबर शाळेच्या वयात. ताप एकाएकी चढतो, गिळताना फार दुखते, टॉन्सिल सुजून त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, जबड्याखालच्या गाठी हात लावला तरी दुखतात. सर्दी-खोकला मात्र सहसा नसतो. ‘खोकला नाही म्हणजे काही विशेष नाही’ असे आपण समजतो. येथे तो समज उलटा पडतो.

याहून फसवी गोष्ट अशी की लहान मुले पुष्कळदा घशाचे नावच काढत नाहीत. पोटात दुखते, मळमळते, उलटी होते, डोके दुखते, एवढेच सांगतात. मग अपचनाचे औषध दिले जाते, आणि तोंड उघडून घसा कोणी पाहत नाही. काही मुलांच्या अंगावर बारीक पुरळ उठते. पाठ्यपुस्तकात ते ‘लालसर’ म्हटलेले असते, पण आपल्या सावळ्या मुलांच्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. पाठीवरून हात फिरविला म्हणजे पॉलिश पेपरसारखी खरखर लागते. जीभ लाल आणि दाणेदार होते. हा स्ट्रेप्टोकोकसचाच एक प्रकार आहे आणि त्यास डॉक्टरांचीच गरज असते.

काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच सकाळची वाट पाहू नये. दुखणे घशाच्या एकाच बाजूला वाढत जाणे, तोंड पुरते न उघडणे, तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज येणे, लाळ गिळता न येऊन ती ओघळणे, मान एका बाजूला धरणे ही टॉन्सिलच्या शेजारी पू साठल्याची चिन्हे असू शकतात. श्वास घेताना आवाज येणे किंवा मूल पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून बसणे हे त्याहूनही गंभीर. अशा वेळी मुलाला बळेच आडवे निजवू नये, घशात बोट वा चमचा घालू नये. गाडी काढून थेट रुग्णालय गाठावे.

तीन आठवड्यांनंतर

स्ट्रेप्टोकोकसचा घसा औषध न घेताही बहुधा आठवड्याभरात बरा होतो. हाच त्यातील धोका आहे. शरीराने जिवाणूशी लढण्यासाठी जी शस्त्रे तयार केलेली असतात, ती काही मुलांच्या बाबतीत आपल्याच अवयवांना शत्रू समजू लागतात, कारण जिवाणूच्या आवरणातील काही घटक आणि हृदयाच्या पेशींतील काही घटक यांत साम्य असते. दोन-तीन आठवड्यांनी मुलाला पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो उतरतो आणि घोटा सुजतो, मग कोपर. दुखणे असे सांध्या-सांध्यांतून फिरते. यास रुमॅटिक ताप म्हणतात. घरचे म्हणतात, खेळताना पडला असेल, वाढीचे दुखणे असेल. सांधे खरोखरच बरे होतात आणि काही व्यंग मागे ठेवीत नाहीत. पण त्याच काळात हृदयाच्या झडपांना सूज आलेली असू शकते, आणि ती सूज ओसरली तरी झडपेवर वण राहतो. घसा पुन्हा दुखला, पुन्हा रुमॅटिक ताप आला, की वणावर वण चढतो. दहा-पंधरा वर्षांनी डोंगर चढताना दम लागू लागतो तेव्हा झडप आखडलेली किंवा गळकी झालेली आढळते.

मुलींच्या बाबतीत तर हे अनेकदा पहिल्या बाळंतपणात उघड होते. गरोदरपणी रक्ताचे आकारमान वाढते, आखडलेल्या झडपेतून ते पुढे जात नाही आणि फुप्फुसांत पाणी साचते. ज्या मुलीचा घसा नवव्या वर्षी दुखला होता, तिचा जीव बावीसाव्या वर्षी धोक्यात येतो. या दोन घटनांना जोडणारा कागद कोणापाशीच नसतो.

दुसरा परिणाम मूत्रपिंडांवर. घसा दुखल्यानंतर साधारण दहा दिवसांनी सकाळी उठल्यावर मुलाचा चेहरा, विशेषतः डोळ्यांभोवती, सुजलेला दिसतो. लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. रक्तदाब वाढतो, क्वचित त्यामुळे झटकेही येतात. हाच परिणाम कातडीवरील पुवाळलेल्या फोडांनंतरही होतो, तेव्हा तो आणखी उशिरा, तीन ते सहा आठवड्यांनी दिसतो. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात कपडे वाळत नाहीत, वसतिगृहात खरूज पसरते, मुले खाजवतात, फोड पिकतात. म्हणून खरजेकडे केवळ किळसवाणी बाब म्हणून पाहू नये. यातून बहुतेक मुले पूर्ण बरी होतात, परंतु त्यासाठी रक्तदाब आणि लघवी वेळीच तपासली गेली पाहिजे.

बाधा नव्हे, व्याधी

तिसरा परिणाम सर्वांत विलक्षण आहे, आणि शिक्षकांच्या तो सर्वांत जवळचा आहे.

एखाद्या मुलीचे, कारण हा प्रकार मुलींत अधिक आढळतो, अक्षर काही दिवसांत बिघडते. ओळी वाकड्या जातात. जेवताना हातातून वाटी पडते. चालताना पाय वेडावाकडा पडतो. चेहरा मध्येच वाकडा होतो, जणू ती वेडावून दाखवते आहे. खांदे उडतात, बोटे हलतात. विनाकारण रडू येते, विनाकारण चिडते. जीभ बाहेर काढून धरावयास सांगितली तर क्षणभरही स्थिर राहत नाही. आपली बोटे तिच्या मुठीत दिली तर पकड गाईची धार काढल्यासारखी घट्ट-सैल होत राहते. झोपली म्हणजे हे सारे थांबते. यास सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. घसा दुखल्यानंतर हा कधी कधी सहा महिन्यांनीदेखील येतो, त्यामुळे घशाशी त्याचा संबंध कोणाच्या मनातही येत नाही.

युरोपातही तो फार काळ कोणाच्या मनात आला नव्हता. १५१८ साली स्ट्रासबर्ग शहरात माणसे दिवसेंदिवस नाचत राहिली, तेव्हा नगराच्या कारभाऱ्यांनी त्यांना संत व्हायटसच्या देवस्थानी पाठविले. तो सामूहिक प्रकार निराळा होता. परंतु अनावर हालचालींच्या सर्वच दुखण्यांना पुढे त्या संताचे नाव चिकटले. १६८६ साली टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने मुलांतील या दुखण्याचे वेगळे, नेमके वर्णन केले. तरी ते घशातून सुरू होते हे कळावयास पुढे आणखी दोन शतकांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडे अशा मुलीचे काय होते? वर्गात ‘अक्षर का बिघडवलेस’ म्हणून तिला बोलणी बसतात, क्वचित छडीही बसते. घरी ‘बाहेरचे झाले’ असे कुजबुजले जाते. नारळ, उतारा, भगत, देवस्की हा कोकणातला ठरलेला मार्ग. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा आपण स्वीकारल्या, त्यांचे तक्ते भिंतीवर लावलेल्या काही घरांतूनही संकटसमयी हा मार्ग धरला जातो, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा आज गुन्हा आहे. कायदा भगताला शिक्षा करू शकतो. परंतु त्या मुलीचे हृदय वाचविण्यासाठी ‘हिचा घसा मागे कधी दुखला होता काय?’ हा प्रश्न विचारणारा माणूस लागतो. कोरिया बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो आणि भगताची कीर्ती वाढते. झडपेवरचा वण तेवढा मागे राहतो.

घटसर्प

घशाच्या आणखी एका रोगाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. घटसर्प म्हटले की आपल्या खेड्यांतून गुरांचा रोग डोळ्यांपुढे येतो आणि पावसाळ्यापूर्वी गुरांना त्याची लस टोचून घेतली जाते. माणसांचा घटसर्प हा वेगळ्या जिवाणूचा वेगळा रोग आहे, नाव तेवढे एक. यात घशात राखाडी रंगाचा पापुद्रा धरतो, तो खरवडला तर रक्त येते, मान सुजते आणि श्वास कोंडतो. यातून मूल वाचले तरी दोन-तीन आठवड्यांनी आवाज नाकातून येऊ लागतो, पाणी पिताना ते नाकावाटे परत येते, कारण टाळूचे स्नायू लुळे पडलेले असतात. हृदयावरही परिणाम होतो. या रोगावरील प्रतिविषाच्या कार्यासाठी एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्रातील पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे या शत्रूची ओळख पटून शतकाहून अधिक काळ लोटला.

सरकारी लसीकरणात तान्हेपणी तीन मात्रा, दीड वर्षाच्या सुमारास व पाच-सहा वर्षांचे असताना वर्धक मात्रा, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडीची लस दिली जाते. शेवटच्या दोन मात्रा नेमक्या वसतिगृहात राहण्याच्या वयात येतात. गावाकडची आरोग्यसेविका समजते मूल शाळेत आहे, शाळा समजते गावी लस झाली असेल, आणि मात्रा दोन्हीकडे चुकते. गोठ्यातील गुरांची लस ज्यांना आठवते त्यांनी मुलांच्या लसीकरणाचे कार्डही पाहावे.

बराकीतून आलेला धडा

रुमॅटिक ताप कोणास होतो, याचा इतिहास बोलका आहे. जेथे थोड्या जागेत पुष्कळ माणसे राहतात तेथे तो फोफावतो. पश्चिम युरोपात त्याचे प्रमाण पेनिसिलिन येण्यापूर्वीच उतरू लागले होते, कारण घरे सुधारली, खोल्यांतील दाटी कमी झाली. जगात आज या रोगाने झडपा खराब झालेली कोट्यवधी माणसे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य गरीब देशांतील, गरीब वस्त्यांतील आहेत. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेला या विस्मृत रोगासाठी स्वतंत्र ठराव करावा लागला.

दाटीचे दुसरे ठिकाण म्हणजे सैन्याच्या बराकी. अमेरिकेत वायोमिंग येथील वॉरेन हवाईदल तळावर तरुण रंगरुटांमध्ये स्ट्रेप्टोकोकसच्या साथी येत. तेथे १९४९ च्या सुमारास डेनी, वॅनामेकर आणि रॅमेलकॅम्प यांच्या पथकाने एक अभ्यास केला. ज्या सुमारे ८०० जणांना घसा दुखताच पेनिसिलिन दिले त्यांतील दोघांना रुमॅटिक ताप आला. ज्या सुमारे ८०० जणांना दिले नाही त्यांतील सतरा जणांना आला. घसा वेळीच बरा केला तर हृदय वाचते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे असेही दिसून आले की दुखणे सुरू झाल्यापासून नवव्या दिवसापर्यंत औषध सुरू केले तरी रुमॅटिक ताप टाळता येतो.

या नऊ दिवसांवर आमचा सारा भर आहे. बराक आणि वसतिगृह यांत दाटीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. १९०८ साली राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले. तेव्हापासून आमच्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास हा वसतिगृहांचा इतिहास आहे. ज्या व्यवस्थेने आम्हांस पुस्तकापर्यंत नेले, तीच व्यवस्था दुर्लक्षामुळे मुलांच्या हृदयाचा घात करणारी होऊ नये.

औषध दुर्मीळ नाही. पेनिसिलिनचा कारखाना आपल्याच राज्यात, पिंपरीला, १९५४ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या नावाने काढला. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार अपत्ये बालपणीच गेली. त्यांतील शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला, म्हणजे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागण्याच्या दोन वर्षे आधी. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आणि रमाईंचे माहेर वणंद आहे, त्या जिल्ह्यातील आईबापांना आज ती असहायता नाही. औषध असून ते वेळेवर न पोहोचणे हे मात्र आपल्या हाती आहे.

वेगळा पेला

येथे एका नाजूक बाबीचा विचार केला पाहिजे. हा जिवाणू खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून, एकमेकांच्या पेल्यातून, उष्ट्यातून पसरतो. म्हणून आजारी मुलाला थोडा वेळ वेगळी खाट आणि वेगळा पेला द्यावा लागतो. आमच्या समाजात ‘वेगळा पेला’ या शब्दांना केवढा इतिहास आहे, हे सांगण्याची गरज नाही. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ज्यांनी ओंजळीने घेतले त्यांच्या नातवंडा-पतवंडांना कोणी न समजावता वेगळे बसविले, तर त्यांच्या मनावर काय ओरखडा उठेल याची कल्पना कोणीही करू शकेल.

म्हणून हे वेगळे ठेवणे समजावून, मुदत सांगून आणि मायेने झाले पाहिजे. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण एका दिवसात हा संसर्ग दुसऱ्यास होण्याचा धोका फार कमी होतो. ‘उद्या संध्याकाळी तू पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला बसशील’ हे वाक्य मुलास सांगितले गेले पाहिजे आणि ते पाळलेही गेले पाहिजे. अस्पृश्यतेला मुदत नसते आणि ती माणसाला लागते. विलगीकरणाला मुदत असते आणि ते रोगाला लागते. अतिसाराने मळलेल्या अवस्थेत एकाकी पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा असल्याचे संघाला सांगितले, ही विनयपिटकातील कथा आपण मुलांना सांगतो. वसतिगृहाची आजाऱ्यांची खोली ही त्या कथेची परीक्षा असते.

काय करावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्यातील पथके शाळांतून वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात आणि शोधावयाच्या आजारांच्या यादीत रुमॅटिक हृदयरोगही आहे. ही योजना चांगली आहे. परंतु ज्या दुखण्यात नऊ दिवसांचे मोल आहे, ते वार्षिक तपासणीत सापडेलच असे नाही. ते रोज मुलांबरोबर असणाऱ्यांनाच सापडेल.

म्हणून प्रत्येक निवासी विद्यालयात घशाची एक वही असावी. मुलाचे नाव, घसा दुखू लागल्याची तारीख, ताप किती, सर्दी-खोकला आहे की नाही, पोटदुखी किंवा पुरळ आहे काय, डॉक्टरांना दाखविल्याची तारीख, औषधाचे नाव, ते किती दिवस द्यावयाचे आणि शेवटची मात्रा कोणत्या दिवशी दिली, एवढे रकाने पुरेत. डॉक्टरांनी दहा दिवसांचे प्रतिजैविक लिहिले असेल तर ते दहा दिवस द्यावे. चौथ्या दिवशी मूल खेळू लागते आणि पुडी बंद होते, तसे होऊ देऊ नये. वहीत शेवटचा एक रकाना तीन आठवड्यांनंतरचा असावा. सांधे, दम, चेहऱ्यावरील सूज, लघवीचा रंग, हालचाल आणि अक्षर या सहा गोष्टी त्या दिवशी पाहून सही करावी. वही, थर्मामीटर आणि बॅटरी यांपलीकडे यास खर्च नाही.

ज्या मुलास एकदा रुमॅटिक ताप येऊन गेला त्यास दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. हे निदान पाच वर्षे किंवा सज्ञान होईपर्यंत, यांत जे अधिक असेल तेवढे, आणि हृदयाला इजा झाली असल्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ, काहींना जन्मभर. किती काळ हे डॉक्टर ठरवितात. ही माळ बहुधा सुटीत तुटते. गणपतीला मूल गावी जाते, शिमग्याला जाते, मे महिन्यात दीड-दोन महिने जाते. इंजेक्शन दुखते, म्हणून मूलही आठवण करून देत नाही. ॲलर्जीच्या धास्तीने काही खासगी डॉक्टर ते देण्यास कचरतात. ही धास्ती निराधार नाही, पण गंभीर ॲलर्जी क्वचित होते आणि पूर्वतयारीनिशी इंजेक्शन देणारी सरकारी रुग्णालये आहेत. सुटीपूर्वी मुलाच्या हाती पुढील इंजेक्शनची तारीख लिहिलेले कार्ड द्यावे आणि पालकांना गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय ठरवून द्यावे. आशाताईंना फोन करावा.

पालकांना आमची विनंती अशी की मूल घरी असताना घसा दुखला तर परत येताना तारीख लिहून पाठवा, आणि मुलाला पूर्वी असा ताप येऊन गेला असेल तर प्रवेशाच्या वेळी तो लपवू नका. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने आजार लपविले जातात. ही भीती दूर करणे संस्थांचे काम आहे. आजारामुळे प्रवेश नाकारणारी संस्था बुद्धाचे नाव लावण्यास पात्र नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन स्पष्ट आहे. आपल्यापैकी कोणी डॉक्टर झाले, कोणी परिचारिका, कोणी औषधनिर्माते. हृदयाचा इको काढण्याचे यंत्र घेऊन वर्षातून एक दिवस शाळेत या. कानाला न ऐकू येणारा झडपेचा दोष त्यात दिसतो. उशीर झाला म्हणजे काय होते ते आपण जाणता. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. डिसेंबर १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत भारतीय बनावटीची झडप प्रथम बसविली गेली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून आज झडपेची शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते. हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु धातूची झडप बसविल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. मंडणगडच्या एखाद्या वाडीतून एसटीने दिवस मोडून तपासणीला जाणाऱ्या मजुराला त्याची किंमत कळते. त्या साऱ्या यातायातीपेक्षा दहा दिवसांच्या गोळ्या किंवा एक इंजेक्शन कितीतरी स्वस्त आहे.

शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टर असते, हजेरीपट असतो, खर्चाच्या पावत्या असतात. यांतील एकही नोंद चुकली तर तपासणीत आक्षेप निघतो. मुलाचा घसा कधी दुखला, याची नोंद नसल्याबद्दल आजवर कोणी आक्षेप घेतल्याचे आम्हांस ठाऊक नाही. तो आक्षेप पालकांनी घ्यावा, माजी विद्यार्थ्यांनी घ्यावा आणि संस्थेने त्याचे स्वागत करावे. या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नव्या वह्यांच्या गठ्ठ्यातून एक वही त्यासाठी बाजूला काढावी आणि पहिल्या पानावर रकाने आखावेत.